तीन बदाम

अग्निशमन केंद्राच्या माडीवर
दर मंगळवारी आमची सात टेबलं लागतात.
खाली बंब, वर कॉफीची किटली.
नोव्हेंबराच्या मध्यापासून इथे सूर्य
डोंगरामागून डोकंच वर काढत नाही,
तेव्हा आठवडा कळतो तो पत्ते वाटले की.

ह्याल्ती माझा सव्वीस वर्षांचा भिडू.
नवरा नाही, भाऊ नाही, नुसता भिडू.
त्याच्या स्वयंपाकघरात मी दोनदाच गेलेय,
पण तेरा पानं त्याच्या हातात आली
की त्यातली आठ मी त्याच्या बोटांवरून सांगेन.

त्यानंच शिकवलं. मी कोळंबीच्या कारखान्यातून
थेट आले होते, नखांना वास होता.
"स्टेइन्वोर, एकाच रंगाची सात पानं,
त्यात एक राणी, एक गुलाम,
बाकी सगळं दुर्री-तिर्री असलं
तर गप्प बसू नकोस.
सगळ्यांच्या आधी बोल, आणि मोठ्यानं.
एकवरून नाही, थेट तीनवर जा.
त्या दोघांना आपसात विचारायचं असतं,
तुझ्याकडे काय, माझ्याकडे हे आहे,
ती विचारायची जागाच खाऊन टाक.
बुडशील. बूड.
पाचशेला बुडून त्यांचे सहाशे वीस अडवलेस
तर तो नफाच."
उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात.
आमच्याकडे त्या खळखळाटालाही नियम आहेत.

उडी मारण्याआधी लाल कार्ड ठेवायचं: थांबा.
पुढच्यानं दहा सेकंद काही करायचं नाही,
विचार नसला तरी विचारात असल्यासारखं दिसायचं.
मला ते दहा सेकंद आवडतात.
रेडिएटर ऐकू येतो,
कुणाचा तरी चष्मा मिटल्याचा आवाज.

परवा ह्याल्ती मला न्यायला आला.
मी पट्टा लावायच्या आत म्हणाला,
"अकुरेयरीहून निकाल आला. सगळं ठीक.
चल, बोगद्यात गर्दी असेल."
गर्दी! या महिन्यात!
मी प्रश्न लावून ठेवले होते, रंगवार,
डॉक्टर कोण होता, परत कधी बोलावलंय,
रात्री झोप लागते का,
सगळे एकच्या पातळीवरचे, स्वस्तातले.
त्यानं तीनवरून सुरुवात केली
आणि खालचं सगळं गेलं.
बोगद्यात बर्फ पडत नाही,
तरी त्याचे वायपर चालूच होते.

नवव्या बोर्डाला वाटप त्याचं.
लाल कार्ड. तीन बदाम.
ब्रिंदिसनं दहा सेकंद छताकडे पाहिलं, पास.
माझ्याकडे बदामाचं एकही पान नव्हतं.
तीन एक्के, दोन राजे, किलवरची सहा.
हळूहळू विचारत गेलो असतो
तर कुठवर पोचलो असतो कोण जाणे.
हे मात्र त्यानं कधी शिकवलं नव्हतं,
की भिंत आतूनही भिंतच असते,
आणि आतल्या अंगाला भिडू बसलेला असतो,
हात भरून.
मी हिरवं कार्ड ठेवलं.

मग मी डमी. पानं मांडली टेबलावर,
इस्पिकचा एक्का, चौकटचा एक्का, किलवरचा.
ह्याल्ती बघत राहिला.
"हे सगळं तुझ्याकडे होतं?"
"होतं."
डमीनं याहून जास्त बोलायचं नसतं.
एक हात कमी पडला. वजा पन्नास.
बाकीच्या टेबलांवर किलवरचा गेम झाला होता,
ब्रिंदिस म्हणाली, पान लागलं की असंच लागतं,
आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

परतताना बोगद्याच्या तोंडाशी
त्यानं वायपर बंद केले.
मी काही विचारलं नाही. दहा मोजायला घेतले.
सातवर तो म्हणाला,
"डॉक्टर बाई होती. तरुण.
हात फार गार होते तिचे."

एक किलवर, मी मनात म्हटलं.
बोगदा अजून बराच होता.